दर वर्षी एक नदी पुढे

बयो,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, येत्या मार्चात उपचार संपून वर्ष पुरं होईल. त्या दिवशी काय करायचं तेच कळत नाही. आनंद करावा तर दृष्ट लागेलसं वाटतं, आणि नुसतं बसून राहावं तर जीव गुदमरतो." तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण ते फोनवर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. 2012च्या ऑगस्टात माझा रेडिएशनचा शेवटचा शेक झाला. तेव्हापासून तो दिवस कसा घालवायचा, हे मी चुकतमाकत शिकले. जे शिकले ते आता तुझ्या पदरात घालते.

त्या दिवशी घरात बसू नकोस. गाडीत बस, खिडकीशी बस, आणि मुंबईच्या उलट दिशेला जा.

उलट दिशेला का, ते तुला कळेल. तूही माझ्यासारखीच चिपळूणहून मुंबईला केमोला गेलीस. दर 21 दिवसांनी तेच स्टेशन, तीच गाडी, तीच फाइल. गाडीनं चिपळूण सोडलं की चाकांचा आवाज बदलतो. त्या आवाजानं माझ्या पोटात ढवळायला लागायचं, औषध शिरेत जायला अजून दिवस असायचा तरी. पुढे खेडची जगबुडी, महाडकडची सावित्री या नद्या, हिरवे डोंगर, भाताची खाचरं, सगळं खिडकीतून मागे गेलं, आणि मी डोळे मिटून, मान टाकून बसलेली. आजारानं माझ्याकडून बरंच काही नेलं, त्यात हा रस्ताही नेला. केस वर्षभरात परत आले. रस्ता आपला आपण परत आणावा लागतो.

दिवस कोणता धरायचा

कुणी ऑपरेशनची तारीख धरतं, कुणी शेवटच्या केमोची, कुणी शेवटच्या शेकाची. माझं ऐकशील तर ज्या दिवशी उपचाराला हात जोडून बाहेर पडलीस, तो दिवस धर. गाठ कळली ती तारीख धरू नकोस. ती तशीही विसरत नाही.

तुझी तारीख मार्चातली. त्यात एक अडचण आहे. शिमग्याला सगळा कोकण मुंबईहून घरी येतो आणि पुन्हा परत जातो. त्या आठ-दहा दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसते. गणपतीतही तेच. अशा गर्दीत तुझ्या हाताला एक धक्का लागला तर सणाचं दुखणं होईल. शिमगा तारखेवर आला तर सरळ तिथीनं कर. आपल्याकडे वाढदिवस तिथीनं होतात, पुण्यतिथ्या तिथीनं होतात, मग बरं झाल्याचा दिवस तिथीनं का होऊ नये? पंचांग काढ, गेल्या वर्षीची तिथी बघून ठेव.

आणखी एक सांभाळ. तपासणी आणि सहल एका आठवड्यात ठेवू नकोस. रिपोर्ट यायचा असला की खिडकीबाहेर समुद्र असला तरी दिसत नाही. मात्र रिपोर्ट चांगला आला तरच जाईन, असंही मनाशी धरू नकोस. हा दिवस पुढच्या वर्षाची हमी मागण्याचा नाही. जे वर्ष तू काढलंस, त्याचं कौतुक करण्याचा आहे. ते वर्ष कुठल्याही रिपोर्टनं मागे जात नाही.

पहिल्या वर्षी लांब जायचं नाही

ही चूक मी केली. 2013 साली पहिलंच वर्ष म्हणून थेट मडगाव गाठलं. उत्साह इतका की उतरताना बॅग मीच उचलली, तीही ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातानं. संध्याकाळपर्यंत बांगडी रुतायला लागली. तीन आठवडे हात सुजलेला होता, रोज व्यायाम, रोज दाबाची बाही. तुझ्या आतोबांनी एका शब्दानं बोल लावला नाही, पण त्यांचा चेहरा मला आजही आठवतो.

तेव्हा ठरवलं की दर वर्षी एक नदी पुढे जायचं. फक्त एक. आपल्या कोकणात सह्याद्रीतून उतरलेल्या नद्या पश्चिमेला समुद्राकडे धावतात आणि गाडी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, म्हणून एकेक नदी तिला ओलांडावीच लागते. 2014ला संगमेश्वरची शास्त्री ओलांडली, रत्नागिरीला उतरून मासे जेवलो आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो. पुढच्या वर्षी रत्नागिरीपलीकडची पानवल. मग कणकवलीची गड, कुडाळची भंगसाळ, गोव्याच्या वेशीवरची तेरेखोल, आणि 2019ला मांडवी. 2020ला गाड्याच बंद होत्या. 2021च्या 22 जुलैला चिपळूणची वाशिष्ठी घरात शिरली, तो ऑगस्ट चिखल काढण्यात गेला. 2022ला पुन्हा निघाले आणि जुवारी ओलांडली. मग कारवारची काळी, अंकोल्यापुढची गंगावळी, आणि गेल्या वर्षी अघनाशिनी. आता माझी शरावती राहिली आहे. होन्नावरला तिच्यावर दोन किलोमीटरहून लांब पूल आहे, आपल्या कोकण रेल्वेवरचा सगळ्यांत लांब. यंदाच्या ऑगस्टात तो माझा.

तुझी यंदा शास्त्री. चिपळूण ते रत्नागिरी, दीड-दोन तासांचा प्रवास. सकाळी जा, संध्याकाळी ये, रात्री आपल्या अंथरुणात झोप. थोडकं वाटेल. थोडकंच असू दे. पुढच्या वर्षासाठी काही शिल्लक राहिलं पाहिजे, हाच यातला मुद्दा आहे.

हाताची काळजी

काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातलं पाणी वाहून नेणारी वाट अरुंद होते. म्हणून तो हात जड वजनानं, जखमेनं, डास चावल्यानं लवकर सुजतो, आणि ही जोखीम वर्षं लोटली तरी पुरती जात नाही. तेव्हा बॅग चाकांची घे आणि ओढायची ती दुसऱ्या हातानं. डब्यात चढताना दांडा धरायचा तोही दुसऱ्या हातानं. वर सामान ठेवायचं काम तुझं नाही, शेजारच्या कुणालाही सांग. "ऑपरेशन झालंय, एवढं वर ठेवाल का?" म्हटलं की आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही.

बसताना ऑपरेशनची बाजू खिडकीकडे येईल असं बघ. वाटेकडच्या बाजूला येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्या, चहाच्या किटल्या, खांदे लागत राहतात. फिजिओथेरपीच्या ताईंना विचार की प्रवासात दाबाची बाही घालायची का. त्यांनी हो म्हटलं तर घरूनच घालून निघ. बांगड्या, घड्याळ दुसऱ्या हातात. डासांचं मलम पर्समध्ये.

ज्या कातडीनं शेक सोसला, तिला ऊन सोसत नाही. म्हणून गाडीची बाजूही विचारानं निवड. दक्षिणेला जाताना उजव्या हाताला समुद्राची बाजू, डाव्या हाताला सह्याद्री. दुपारनंतर ऊन उजवीकडून येतं, म्हणून दुपारच्या गाडीनं जाताना डावीकडे बस. सकाळच्या गाडीनं उत्तरेला परतताना ऊन पूर्वेचं, म्हणजे पुन्हा उजवीकडचं, तेव्हाही डावीकडेच बस. मात्र तिकिटावरच्या आकड्यावरून बाजू कळत नाही, डबा कसा जोडला आहे त्यावर ती ठरते. म्हणून पातळ सुती ओढणी बरोबर ठेव. ऊन आलं की खांद्यावर आणि गळ्यावर घ्यायची.

पाय, बोटं आणि गोळ्या

केमोनं तुझ्या पावलांना आणि बोटांना मुंग्या आल्या होत्या, त्या अजून थोड्या आहेत म्हणालीस. बधिर पावलाला पायरी नीट कळत नाही. म्हणून टाचेला पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाल, सपाता नकोत. गाडी पुरती थांबल्याशिवाय चढायचं-उतरायचं नाही, मग स्टेशनवर थांबा दोन मिनिटांचा का असेना. त्यासाठी उतरायच्या आधीच्या स्टेशनलाच सामान आवरून ठेवायचं. चहा कागदी कपात घेऊ नकोस. बधिर बोटांना चटका उशिरा कळतो. घरून कान असलेला पेला ने, त्यात ओतून घे, थोडा निवू दे.

तुझी हार्मोनची गोळी रोजच्या वेळेला घ्यायची, गाडीत असलीस तरी. गोळ्या पर्समध्ये, दोन दिवसांच्या जास्तीच्या, मोठ्या बॅगेत अजिबात नाहीत. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पायात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढलेली असते. म्हणून लांबच्या प्रवासाआधी डॉक्टरांना विचार. गाडीत तासाभरानं उठून डब्यात दोन फेऱ्या मार, बसल्या जागी पावलं वर-खाली कर आणि पाणी पीत राहा. बायका प्रवासात संडासला जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत. ते करू नकोस. पोटरी दुखली, एकच पाय सुजला किंवा दम लागला तर कौतुक सोडून दवाखाना गाठायचा. गाडीत काही लागलं तर 139ला फोन करायचा.

एकदम अंग तापून घाम सुटतो, ती तऱ्हा मला पाच वर्षं होती. त्यावर विंझण्यासारखं दुसरं काही नाही. बांबूचा, हलका, आपल्या कोकणातला. आजाराच्या कागदाची एक प्रत, डॉक्टरांचा नंबर आणि कुठल्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, हे एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेव. ठेवलं की विसरून जा.

तिकीट आणि गाडी

आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं, सकाळी 8ला. त्याच दिवशी काढ. आयत्या वेळी तत्काळच्या मागे धावणं आपल्याला सोसत नाही. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेची सवलत असते, पण ती उपचाराला आणि तपासणीला जाण्यासाठी. हौसेच्या प्रवासाला ती मागू नकोस. तुझं हे तिकीट पुऱ्या पैशाचं असलं पाहिजे, बाकीच्या प्रवाशांसारखं. पहिल्यांदा ते हातात घेतलं तेव्हा मला रडू आलं होतं.

पैसे कुठून आणायचे तेही सांगते. फडताळात एक डबा ठेव. दहा गोळ्यांचं पाकीट संपलं की त्यात 100 रुपये टाक. वर्षाला 36 पाकिटं होतात, म्हणजे 3,600 रुपये. दोघांचं जाणं-येणं, जेवण, पुढे एका रात्रीची खोली, एवढं त्यात साधेपणानं बसतं. मुख्य म्हणजे रोजची कडू गोळी कशासाठी तरी साठते आहे, असं वाटायला लागतं.

मुंबईहून पहाटे सुटणाऱ्या जनशताब्दीला काचेच्या छपराचा विस्टाडोम डबा आहे. मोठ्या काचा, फिरवता येणाऱ्या खुर्च्या. एखाद्या मोठ्या वर्षी, पाचव्या किंवा दहाव्या, तो जरूर घे. पण यंदा मांडवी एक्स्प्रेसचा साधा स्लीपर घे. 1, 4, 9, 12 असे खालचे बर्थ मिळाले तर बरं. खिडकी उघडी असते, वारा लागतो, मातीचा वास येतो. केमोच्या दिवसांत वासानं किती छळलं ते तुला आठवतंय ना? आता तोच वास मुद्दाम घ्यायचा आहे.

मांडवी तिच्या खाण्यासाठी ओळखली जाते. समोर गरम तळून आलेलं असेल ते खा, निवलेलं आणि कापून ठेवलेलं नको. घरून घावणे ने, सुकी लसणीची चटणी ने. ओल्या खोबऱ्याची चटणी प्रवासात आंबते. उकळून गार केलेलं पाणी आणि कोकमाच्या आगळाची लहान बाटली.

माझ्यासारखी पावसाळ्यातली तारीख असली तर आणखी एक लक्षात ठेवावं लागतं. जूनपासून पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, कधी दरड येते. अशा दिवसांत पुढची जोडगाडी घट्ट वेळेची धरू नये. पण उक्षीच्या आसपास डोंगरातून कोसळणारं पाणी बघायचं तर तेव्हाच. एखाद्या वर्षी माझ्या ऑगस्टात तूही चल.

कुणाला बरोबर न्यायचं

जो तुझ्याबरोबर उपचाराला आला, त्याचा पहिला हक्क. आजारी पडलो आपण, पण जागरणं त्यांनीही काढली. 2014ला रत्नागिरीला निघालो तेव्हा गाडी सुटल्यावर मी पाहिलं, तर तुझ्या आतोबांच्या मांडीवर निळी फाइल. सवयीनं घेतली होती. कुणाला काही न बोलता त्यांनी ती बॅगेत खाली सरकवली आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना बराच वेळ सुचेना. त्या दिवशी मला कळलं की हा दिवस एकट्या माझा नाही. जावईबापूंना हे मुद्दाम सांग, आणि त्यांना खिडकीसमोरची जागा दे.

दर दहा मिनिटांनी "बरं वाटतंय ना?" विचारणारं माणूस मात्र नको. प्रेमाचं असलं तरी नको.

बघायचं काय

सावर्डा गेलं की मोबाइल पर्समध्ये टाक. संगमेश्वरला शास्त्री येईल, पूल लांब नाही, पण तुझा पहिला आहे, तेव्हा उठून दाराशी जायचं नाही, बसल्या जागेवरून बघायचं. मार्चात पाणी आटलेलं असेल, खडक उघडे पडलेले असतील, काठाला कलिंगडाचे मळे दिसले तर बघ. उक्षीनंतर करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. तेवढा वेळ बाहेर काही दिसत नाही. तेव्हा घावणे सोडायचे. मी दर वर्षी तिथेच सोडते.

पुढच्या वर्षी पानवलच्या पुलावर जाशील. जमिनीपासून 64 मीटर उंच आहे. खाली माडांचे शेंडे दिसतात. हा रस्ता बांधायला 1990 साली घेतला, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते, आणि 26 जानेवारी 1998ला तो सगळा खुला झाला. पेडण्याच्या मऊ मातीतल्या बोगद्यानं शेवटपर्यंत दमवलं. डोंगर फोडताना किती मजुरांनी जीव गमावले. पुलावरून जाताना मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार करते. तूही कर.

मी का करते, तेही सांगते. ते तुझ्या बाबानंही तुला सांगितलं नसेल. तुझी आजी, म्हणजे आमची आई, 1978 साली गेली. तिच्याही छातीत गाठ होती. लाजेपोटी तिनं ती वर्षभर लपवली. कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या. तेव्हा ही रेल्वे नव्हती. एसटीचा घाटातला लांबचा रस्ता, तिची तशी अवस्था, आणि दर तीन आठवड्यांनी कोण नेणार? ती म्हणाली, "एवढ्या लांब माझ्यासाठी कशाला?" आणि गेली नाही. तू आणि मी गेलो, सकाळी बसून दुपारी मुंबईत पोचलो, पुन्हा पुन्हा जाऊ शकलो. औषधं सुधारली हे खरंच आहे. पण औषधापर्यंत पोचवणारे रूळही होते.

म्हणून या दिवसाचं एक काम ठरवून टाक. घरातल्या मुलींना, सुनांना त्या दिवशी फोन करायचा आणि स्पष्ट विचारायचं, तपासून घेतलंस का? आजी, आत्या, भाची असा वारसा असला की डॉक्टरांना तो सांगावा लागतो. सांगताना लाजायचं नाही. लाजेची किंमत आपल्या घरानं एकदा मोजली आहे.

डोक्याला रुमाल दिसला तर

डब्यात डोक्याला रुमाल बांधलेली, मांडीवर फाइल घेतलेली बाई दिसली तर आपली खिडकी तिला दे. सल्ला देऊ नकोस, काय झालं विचारू नकोस. तिनं आपणहून विचारलं तर सांग, "मलाही झालं होतं." माझ्या चौथ्या केमोच्या वेळी खेडला चढलेल्या एका अनोळखी बाईनं हे केलं होतं. तिचे केस पांढरे आणि लांब होते. तेवढे केस बघूनच मला बळ आलं होतं.

परतीची गाडी

शेवटचं सांगते आणि थांबते. रत्नागिरीहून परतीची गाडी उत्तरेला निघते. म्हणजे तीच दिशा, तीच मुंबईची गाडी. संगमेश्वर, सावर्डा मागे पडलं की पोटात थोडं ढवळेल. शरीर विसरत नाही, त्याला दोष देऊ नकोस. सामान आवर, पदर खोच, दुसऱ्या हातानं दांडा धर आणि चिपळूणला उतर.

उतरल्यावर लगेच रिक्षाकडे जाऊ नकोस. फलाटावर थांब. गाडी शिट्टी देईल, एकेक डबा पुढून जाईल, मागचा लाल दिवा दिसेल. मग थोड्या वेळानं लांबून चाकांचा तो आवाज येईल. गाडी मुंबईला गेलेली असेल, आणि तू इथे, आपल्या गावात, आपल्या पायांवर उभी असशील.

मग घरी ये. मी भात टाकून ठेवते.

तुझी,
आत्या